दोन जुनी कार्डं, एक नवं कार्ड आणि बिलावरचं नाव



मिक्सर घ्यायचा झाला तर आपण चार दुकानं पालथी घालतो. भांड्याचं झाकण घट्ट बसतं का, वॉरंटी किती, सर्व्हिसला माणूस कुठून येतो, सगळं विचारतो. पण खर्च कॉम्प्युटरचा निघाला की आपण उठून स्वयंपाकघरात जातो. "ते तुमचं तुम्ही बघा" म्हणतो, आणि पैसे मात्र कित्येकदा आपल्याच भिशीतून जातात. माझं मत विचाराल तर ही सवय आता सोडायला हवी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काही जादूची पेटी नाही. काय काम करायचं आहे, किती पैसे आहेत आणि जुन्या सामानात काय बसेल, या तीन गोष्टी जिला कळतात तिला हा निर्णय घेता येतो. आपण बायका आयुष्यभर हेच तर करत आलो.

आमच्या घरी हा विषय सूनबाईच्या कामामुळे आला. ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आमचं दुसरबीड जालना-मेहकर रस्त्यावरचं गाव. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहकर इकडचे फोटोग्राफर शूटिंग करतात आणि हार्ड डिस्क तिच्याकडे आणून देतात. तुळशीचं लग्न झालं की तिचे दिवस सुरू होतात, ते उन्हाळा संपेपर्यंत. तिच्याकडचा कॉम्प्युटर मूळचा माझ्या पुतण्याचा. कॉलेजात असताना गेम खेळायला त्याने तो असेंबल करून घेतला होता. त्यात एक नाही, दोन ग्राफिक्स कार्डं होती. जीटीएक्स ९६०, प्रत्येकी २ जीबीची, वरून एका छोट्या पट्टीने जोडलेली. त्या पट्टीला ब्रिज म्हणतात.

मागच्या हंगामात कॉम्प्युटर फारच अडायला लागला. फोटोग्राफर आता फोर-के मध्ये शूटिंग करतात. सूनबाईने टाइमलाइनवर चार गोष्टी ठेवल्या की कार्डाची मेमरी भरली अशी पाटी यायची. फिल्म तयार करायला रात्री लावायची आणि पहाटे उठून बघायची. मध्येच लाइट गेली आणि यूपीएस दमला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

घरात तीन मतं झाली. आमचे हे म्हणाले, "एक सोडून दोन कार्डं आहेत, आणखी काय हवं?" मुलगा म्हणाला, दुकानाचा माल भरून होऊ दे, मग पुढच्या वर्षी बघू. पुतण्याने फोनवर सल्ला दिला की दोन्ही विकून कुणाचं तरी वापरलेलं मोठं कार्ड घ्या. सूनबाई काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून मी बोलले. आणि बोलायचं तर माहिती हवी, म्हणून पंधरा दिवस वही-पेन घेऊन बसले. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, दोन कार्डं म्हणजे दुप्पट काम नाही.

दोन कार्डं जोडायची ही कल्पना जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने ती पहिल्यांदा घरगुती कॉम्प्युटरमध्ये आणली. ती कंपनी पुढे एनव्हिडियाने घेतली आणि २००४ मध्ये 'एसएलआय' या नावाने तीच कल्पना नव्याने बाजारात आणली. दुसऱ्या वर्षी एटीआयचं 'क्रॉसफायर' आलं. पडद्यावरचं एक चित्र पहिलं कार्ड काढतं, पुढचं दुसरं, पुन्हा पहिलं, अशी पाळी चालते.

दोन चुलींवर दोन जावा पुरणपोळ्या करतायत असं समजा. एकीची पोळी झाली की दुसरीची. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येकीजवळ कणीक आणि पुरण पूर्ण हवं. एकीच्या परातीतलं पुरण दुसरीला घेता येत नाही. कार्डांचंही तसंच. दोन्हींच्या मेमरीत तेच सामान भरावं लागतं. म्हणून २ आणि २ मिळून ४ जीबी होत नाहीत, ते २ जीबीच राहतात. शिवाय एकीचा हात जरा मागेपुढे झाला की वाढणाऱ्याची लय मोडते. पडद्यावर त्याचे बारीक झटके बसतात. आकडा मोठा दिसतो आणि डोळ्यांना मात्र अडखळल्यासारखं वाटतं.

यात आणखी एक अडचण होती. दोन कार्डांकडून काम करून घ्यायला प्रत्येक गेमसाठी कंपनीला वेगळी तजवीज करावी लागे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं त्यात ही जोडणीच ठेवली नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने अशा नव्या तजविजी करणंही थांबवलं. आणि आमच्या कामाचं म्हणाल तर सूनबाई डाविंची रिझॉल्व्ह या प्रोग्रॅमची फुकट आवृत्ती वापरते. ती आवृत्ती विंडोजवर एकाच कार्डाकडून काम करून घेते. म्हणजे आमच्याकडचं दुसरं कार्ड एडिटिंगला काही हातभार न लावता आत नुसतं बसून होतं.

एक सांगायला हवं. जास्त कार्डांचा उपयोग कुठेच नाही असं नाही. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा होता. त्यात ज्या पेट्या आहेत त्यातल्या एकेका पेटीत आठ-आठ कार्डं असतात. ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅममध्ये थ्रीडी चित्रं तयार करणाऱ्यांनाही दोन कार्डं कामी येतात. तिथे काम वाटून घेण्याची पद्धतच वेगळी आहे. आपल्या घरच्या गेमला आणि लग्नाच्या फिल्मला मात्र एक धड कार्ड पुरतं.

दुसरी गोष्ट, कार्ड लागतंच का हे आधी विचारा.

दुकानाचा हिशेब, बिलं, नातवंडांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल, प्रवचन ऐकणं यासाठी वेगळं कार्ड मुळीच लागत नाही. बऱ्याच प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच असते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असेल तर मात्र ती नसते, तेवढं बघून घ्या. मोठा गेम, फोर-के एडिटिंग, थ्रीडी काम असं काही असेल तरच कार्डाचा विचार करायचा. कुणी म्हणालं, "कॉम्प्युटर हळू चालतो, ग्राफिक्स कार्ड टाका," तर आधी विचारा की एसएसडी आहे का आणि रॅम किती आहे. पुष्कळदा दुखणं तिथे असतं.

तिसरी गोष्ट, मर्यादा आधी, दुकान नंतर.

परिग्रहाचं परिमाण ठरवणं आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. परिमाण म्हणजे घ्यायचंच नाही असं नव्हे. किती लागतं ते आधी ठरवायचं आणि मग त्या रेषेच्या अलीकडे राहायचं. कार्डांच्या बाजारात ही रेष नसेल तर माणूस वाहत जातो. आणखी दोन हजार टाका, याच्यावरचं येईल. आणखी तीन टाका, त्याच्यावरचं येईल. आम्ही जीएसटी धरून २५ हजार ही रेष ठरवली. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेला भाव कर धरून आहे की कर सोडून, हे पहिल्याच वाक्यात विचारायचं. भाव आठवड्याला बदलतात. म्हणून मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर जालना, दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी विचारावं.

आता त्या रेषेच्या आत काय काय मिळतं आणि कुठे फसगत होते, ते माझ्या वहीतून देते.

जीटी ७३० नावाचं कार्ड ४ जीबी मेमरी म्हणून स्वस्तात दाखवतात. ते २०१४ सालचं आहे. मेमरीचा आकडा बघून भुलू नका. मोठी परात दिली म्हणून हात भरभर चालत नाहीत.

आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ चं आहे. गेमपुरतं ठीक म्हणता येईल. पण व्हिडिओ तयार करून बाहेर काढायला कार्डात एन्कोडर नावाचा वेगळा भाग असतो, तो यात नाही. शिवाय जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेगही घटतो. एडिटिंग करणारीने हे सोडून द्यावं.

आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची दोन कार्डं आहेत. ८ जीबीचं २०२२ मध्ये आलं, ते १३० वॅट खातं. ६ जीबीचं २०२४ मध्ये आलं, ते ७० वॅटवर चालतं आणि बहुतेक ठिकाणी त्याला वेगळी वीजवायर जोडावी लागत नाही. दोन्हींत फरक फक्त मेमरीचा नाही, ६ जीबीचं कार्ड ताकदीलाही कमी आहे. तरी ज्यांचा एसएमपीएस लहान आहे त्यांच्यासाठी हे ६ जीबीचं कार्ड चांगलं.

आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं, १३२ वॅटचं. घरात फक्त गेमसाठी हवं असेल आणि दोन जुनी कार्डं काढायची असतील, तर पैशाच्या मानाने मला हे पटलं.

इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं. १२ जीबी मेमरी आणि व्हिडिओच्या कामात हुशार. पण त्याला मदरबोर्डवर रिसायझेबल बार नावाची सोय लागते. सात-आठ वर्षांहून जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती सहसा नसते. नव्या कॉम्प्युटरसाठी उत्तम, आमच्यासारख्या जुन्या पेटीसाठी नाही.

आरटीएक्स ३०६० हे २०२१ चं, १२ जीबी, १७० वॅट. वय झालं आहे, पण मेमरी भरपूर आहे. यातही पुढे ८ जीबीचं एक काढलं आहे आणि ते हळू आहे. खोक्यावर १२ जीबी लिहिलेलं स्वतः वाचून घ्या.

आरटीएक्स ५०५० हे २०२५ चं, ८ जीबी, १३० वॅट. नवं असल्याने कंपनीची साथ जास्त वर्षं मिळेल. काही कॅमेरे ४:२:२ नावाच्या पद्धतीने व्हिडिओ साठवतात, तो वाचायची सोय यात आहे. फोटोग्राफरचा कॅमेरा तसा असेल तर याचा विचार करावा.

सूनबाईची अडचण मेमरीची होती. तिच्याकडे येणारं फुटेज साधं असतं. म्हणून आम्ही आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं घेतलं आणि ते ठरवलेल्या मर्यादेत बसलं. कंपनी या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आमच्याकडे दोन कार्डांसाठी म्हणून आधीच ६५० चा होता. पण एसएमपीएसचंही वय होतं, म्हणून तंत्रज्ञाकडून तो तपासून घेतला. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का हे आधी टेपने मोजून ठेवलं. पडद्यामागून मापं घेणाऱ्या आपण, हे काय अवघड?

वापरलेलं कार्ड घ्यावं का? माझं मत, ओळखीच्या माणसाकडून आणि चालवून बघून असेल तर घ्यावं, नाहीतर नाही. काही वर्षांपूर्वी आभासी नाणी काढण्यासाठी लोक अशी कार्डं महिनोन्महिने दिवसरात्र चालवत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या नाण्याची पद्धत बदलली, ते काम बंद पडलं आणि ती दमलेली कार्डं वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. वरून पुसून चकचकीत केलेल्या कार्डाच्या आतलं आपल्याला दिसत नाही. आणि आपल्यासारख्या गावात ते बिघडलं तर विकणारा फोन उचलेल याची खात्री नाही. बिल आणि वॉरंटी यांना गावात शहरापेक्षा जास्त किंमत आहे.

मग जुन्यांचंच आयुष्य वाढवलं असतं तर? जीटीएक्स ९६० ज्या पिढीतलं आहे त्या पिढीसाठी एनव्हिडियाने गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते बदल मिळतील. विंडोज १० ची नेहमीची साथही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आमचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे आज ना उद्या कॉम्प्युटर बदलायचाच आहे. मुलाने नेमका हाच प्रश्न काढला, मग आत्ता कार्ड कशाला? माझं उत्तर असं होतं की कार्ड हे अंगावरच्या दागिन्यासारखं आहे, घर बदललं तरी बरोबर येतं. आज ते जुन्या पेटीत कमाई करेल, उद्या नव्या पेटीत जाईल. सगळं एकदम घ्यायचं म्हटलं तर साठ-सत्तर हजार एका वेळी काढावे लागतात, आणि तेवढे निघत नाहीत म्हणून पुढचा हंगामही तसाच जातो.

आता हिशेब, कारण माझं बीकॉम कुठेतरी कामाला यायला हवं.

जुन्या दोन कार्डांचे कंपनीने सांगितलेले वॅट प्रत्येकी १२०, म्हणजे २४०. नव्याचे १७०. फरक ७० वॅटचा. रोज सहा तास पूर्ण जोरात, महिन्याचे २५ दिवस चालवलं तर साडेदहा युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरा, महिन्याला १०५ रुपये. म्हणजे विजेच्या बचतीत कार्डाची किंमत वसूल होते असं कुणी सांगितलं तर मानू नका. होत नाही.

वसूल होते ती वेळेतून. २४ हजारांचं कार्ड चार वर्षं चाललं तर ४८ महिन्यांनी भागा, महिन्याला ५०० रुपये. सूनबाईची जी फिल्म रात्रभर चालायची ती आता संध्याकाळचा स्वयंपाक उरकेपर्यंत होते. लाइट जायच्या आत होते. हंगामात महिन्याला एक फिल्म जास्त झाली तरी ५०० रुपयांच्या कितीतरी पट येतात. आणि तिची झोप मी हिशेबात धरलेलीच नाही. ती धरली असती तर कार्ड कधीच घेतलं असतं.

घसाऱ्याचंही सांगते. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे. २४ हजारांचं पहिल्या वर्षाअखेर १४,४००, दुसऱ्या वर्षी ८,६४०, तिसऱ्या वर्षी ५,१८४ असं पुस्तकात उतरत जातं. म्हणजे सरकारलाही माहीत आहे की ही वस्तू झिजते. जुन्या दोन कार्डांना "तेव्हा एवढे पैसे घातले होते" म्हणून धरून ठेवण्यात अर्थ नाही. ते पैसे तेव्हाच खर्च झाले. आज ती काय काम करतात एवढंच बघायचं.

आणि हा घसारा धरायचा तर बिल धंद्याच्या नावावर हवं. इथेच मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे.

दुकानदाराने विचारलं, बिल कुणाच्या नावावर करू? सवयीने मुलाचं नाव सांगितलं जात होतं. मी म्हटलं, जी वापरणार आहे तिच्या नावावर करा, आणि पैसेही तिच्याच खात्यातून जाऊ द्या. आपल्या घरात दुकानाच्या वजनकाट्याचं बिल निघतं, शटरचं निघतं, रंगाचं निघतं. त्याला आपण खर्च म्हणत नाही, धंद्यात घातलेले पैसे म्हणतो. पण सुनेचं शिलाई मशीन, मुलीचा ओव्हन, सूनबाईचं ग्राफिक्स कार्ड आलं की तो हौसेचा खर्च होतो आणि पुढच्या वर्षावर ढकलला जातो. दोन्ही वस्तू कमावतात. एक खतावणीत लिहिली जाते, दुसरी लिहिलीच जात नाही, एवढाच फरक. जी गोष्ट लिहिली जात नाही तिची कमाईही कुणाला दिसत नाही. मग चार वर्षांनी घरात कुणीतरी सहज म्हणतं, "ती काय, घरीच असते."

म्हणून मी तिला एक वही आणून दिली. डाव्या पानावर कार्ड, हार्ड डिस्क, वीज, यूपीएसची बॅटरी. उजव्या पानावर फोटोग्राफरकडून आलेले पैसे. ती सगळं आता मोबाइलमध्ये लिहिते, ते तिचं ती बघेल. लिहिते हे महत्त्वाचं.

जुन्या कार्डांबद्दलही थोडं. ती काढताना कॅबिनेट घाईने फुंकू किंवा झटकू नका. आत कोळी, मुंग्या बसलेल्या असतात. आधी वीज काढून, झाकण उघडून थोडा वेळ ठेवावं, मग मऊ ब्रशने हळूच पुंजून घ्यावं. आमचं एक कार्ड नात्यातल्या एका मुलाच्या कॉम्प्युटरला गेलं, त्याच्या कामाला ते पुष्कळ आहे. दुसऱ्याचा पंखा गेला होता. ते भंगारवाल्याला देऊ नका असं मी सांगितलं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. गावात तशी सोय नसली तर एका डब्यात जमवून ठेवा आणि शहरात जाणं होईल तेव्हा द्या. तांब्यासाठी या पट्ट्या उघड्यावर जाळतात, त्याचा धूर आणि राख कुठे जाते हे सांगायला नको.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी सून, मुलगी, भाची असं काही काम करते मला माहीत आहे. अल्बम डिझाइन, रांगोळीचे व्हिडिओ, क्लासचे धडे. त्यांनी काही मागितलं तर "गेम खेळायला हवं असेल" असं म्हणून सोडून देऊ नका, आणि लाडाने हवं ते घेऊनही देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, काम काय आहे, अडतं कुठे, मेमरी किती लागते, एसएमपीएस किती वॅटचा आहे, मर्यादा किती. उत्तरं मिळाली की निर्णय आपोआप होतो. आणि बिल तिच्या नावावर घ्या.